टिनाच्या घराला पन्हळ लावताय? नागपूरच्या उन्हापावसात काय टिकतं ते आधी वाचा

आमचं मानेवाड्याकडचं घर साधं आहे. विटांच्या भिंती, वर टिन, आणि सगळा उतार एकाच बाजूला. राहायला आलो तेव्हा पन्हळ, म्हणजे छपराच्या काठाला पाणी झेलणारी नाली, नव्हती आणि ती हवी असं कोणाला वाटलंही नाही. पावसाळ्यात तीस फुटांची पागोळ्यांची झालर लागायची, पोरं तिच्याखाली हात धरून उभी राहायची. दिवाळी आली की त्याच भिंतीचा रंग गुडघ्यापर्यंत पापडासारखा निघालेला असायचा. तीन दिवाळ्या मी पुट्टी आणि रंगावर पैसे घातले. चौथ्या वेळी आलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकाकाजींनी भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीलगतच्या मातीत टाच रोवली, ती बोटभर आत गेली. म्हणाले, "भाऊ, भिंत नाही खराब तुमची. पाणी तिच्या पायाशी बसून राहते, ती बिचारी काय करन?"

त्यानंतरही मी एक पन्हळ चुकीची लावून घेतली, ती एका पावसाळ्यात गेली. दुसरी टिकली आहे. दोन्हींतून जे कळलं ते क्रमाने लिहितो. तुमचं घर स्लॅबचं असेल, गच्चीला कठडा आणि उताराचे पाईप असतील, तर तुम्हाला पन्हळीची गरज नाही; फक्त तिसरी पायरी वाचा. टिन, कवेलू (कौलं), कार पोर्च किंवा गच्चीवरची शेड असेल तर सगळं वाचा.

१. पन्हळ कशासाठी, हे आधी नक्की करा

आढ्याचं पाणी वळचणीला जाणार हे आपण म्हणीतच ऐकत आलो. वळचणीवरून ते पुढे कुठे जातं, याचा विचार मात्र कोणी करत नाही. पन्हळ म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर.

नागपूरच्या बऱ्याच भागांत घराखाली काळी माती आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात अंगणात पडलेल्या भेगांत पोरांच्या गोट्या जातात, त्याच भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी थेट पायापर्यंत उतरतं. घराच्या एका बाजूला पागोळ्यांचं पाणी मुरत राहिलं आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर पाया एका बाजूने उचलला जातो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते ती अनेकदा यामुळे. हलक्या, कमी खोल पायाच्या घरांना हा त्रास जास्त.

दुसरं काम शिंतोड्यांचं. वरून पडणारी पागोळी मातीत खड्डा करते आणि चिखल भिंतीवर उडवते. भिंत खालून ओली राहते, मग लोणा लागतो, म्हणजे भिंतीवर पांढरा खार फुटतो. तिसरं काम शेजारधर्माचं. तुमच्या वळचणीचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडत असेल तर आज ना उद्या त्यावरून बोलाचाली होणारच. पाणी साठवायचं किंवा विहिरीत सोडायचं असेल तर ते चौथं काम, पण ते पहिल्या तिघांनंतर.

२. भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहा

ही पायरी फुकटची आहे आणि नेमकी हीच सगळे गाळतात. कारागीर येतो तो उन्हात, कोरड्या छताखाली, आणि अंदाजाने माप घेतो. तुम्ही जोराच्या सरीत दहा मिनिटं बाहेर थांबा आणि तीन गोष्टी पाहा. पाणी पत्र्याच्या काठावरून किती लांब उडतं? कुठल्या कोपऱ्यात जास्त येतं? जमिनीवर पडल्यावर ते घराकडे वळतं की घरापासून दूर? मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा. कारागिराशी वाद झाला की तो कामी येतो.

३. पाणी कुठे सोडणार ते साहित्याच्या आधी ठरवा

मी इथेच चुकलो होतो. पन्हळ लावली, खाली पाईप आणला आणि पाईपचं तोंड भिंतीच्या पायाशीच सोडून दिलं. आधी तीस फुटांवर पसरून मुरणारं पाणी आता एकाच जागी मुरायला लागलं. ते पन्हळ नसण्यापेक्षा वाईट.

पाईपचं तोंड पायापासून निदान पाच-सहा फूट दूर न्या, किंवा खाली सिमेंटची नाली करून रस्त्याकडच्या पावसाळी नालीपर्यंत उतार द्या. भिंतीलगत दोन-अडीच फुटांचा सिमेंटचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतरता केला तर सोन्याहून पिवळं.

पावसाचं पाणी गडर लाईनला, म्हणजे मैलापाण्याच्या लाईनला, जोडू नका. प्लंबर सुचवेल, कारण त्याला ते सोपं पडतं. मोठ्या पावसात ती लाईन तुंबली की तेच पाणी, आणि त्यासोबत नको ते सगळं, तुमच्या संडासातून घरात वर येतं. आमच्या गल्लीत एका घरी हे झालं आहे, अधिक वर्णन करत नाही.

शोषखड्डा करायचा असेल तर एक लक्षात ठेवा: काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, खड्ड्यात नुसतं साचून राहतं. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. आणि खड्डा घरापासून दहा फूट तरी लांब हवा, नाहीतर ज्या कारणासाठी पन्हळ लावली तेच पाणी आपण पायाला पाजणार. जुन्या नागपुरातल्या वाड्यांसारखी घरात विहीर असेल तर तुम्ही नशीबवान. पाईप गाळणीच्या टाकीतून विहिरीकडे न्या. मृगाचे पहिले एक-दोन पाऊस मात्र बाहेर सोडा, कारण वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण त्यांच्याबरोबर उतरते.

४. पाण्याचा हिशेब करा

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं सूत्र पुरतं.

आमचं छत ३० बाय २० फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांमध्ये शिरलं. तसे शंभर मिलिमीटर आमच्या छतावर पडले की साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी होतं, म्हणजे हजार लिटरच्या साडेपाच टाक्या. तेवढाच पाऊस एका तासात आला तर मिनिटाला नव्वद-पंचाण्णव लिटर.

या वेगासाठी उभ्या पाईपचा ढोबळ अंदाज असा: १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंची, एक पाईप साधारण ४० चौरस मीटर छताचं पाणी काढतो. ७५ मिलिमीटरचा पाईप जेमतेम २० चौरस मीटरचं. कारागीर सर्रास तीन इंची पाईप लावतो, कारण तो स्वस्त आणि "दिसायला चांगला". आमच्या छताला चार इंची दोन पाईप लागले, दोन्ही टोकांना एकेक.

पन्हळीचा आकार माझ्या मते टिनाच्या घराला सहा इंच रुंद आणि पाच इंच खोल यापेक्षा कमी नको. अशी पन्हळ काठोकाठ भरली की फुटाला सुमारे सहा किलो पाणी असतं. तीस फुटांचे झाले पावणेदोनशे-एकशे ऐंशी किलो. हे वजन पन्हळ धरणाऱ्या ब्रॅकेटनी पेलायचं आहे, आणि ब्रॅकेट ज्यात रोवलेत त्या लाकडाने किंवा अँगलने.

५. साहित्य निवडा

इथे घाई करू नका. पुण्या-कोकणातल्या नातेवाइकांचा सल्लाही जपून घ्या. त्यांचा शत्रू पाऊस, आपला शत्रू ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, आणि ते सावलीतलं तापमान. उन्हातली पन्हळ त्याहून कितीतरी जास्त तापते. तीच पन्हळ डिसेंबरच्या रात्री दहा अंशांखाली येते. म्हणजे ती वर्षभर ताणली जाते आणि आखडते. कोणतं साहित्य किती वाढतं, हे इथे गंजाइतकंच महत्त्वाचं.

*जीआय पत्रा.* जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा. माझी टिकलेली पन्हळ याचीच. सहा मीटर लांबी पन्नास अंशांच्या फरकात चारेक मिलिमीटरच वाढते. हवा तसा आकार वाकवून मिळतो. मात्र पत्र्याची जाडी सांगणारा गेजचा आकडा उलटा चालतो, आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. माझी पहिली पन्हळ २६ गेजची होती. मी समजलो २६ म्हणजे २२ पेक्षा भारी, आणि लावणाऱ्यानेही तो गैरसमज दूर करायचे कष्ट घेतले नाहीत. मागा २२ किंवा फार तर २४. वेल्डिंगपासूनही सावध. वेल्डिंगच्या आचेने जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. सांधे रिव्हेट मारून आणि सीलंट भरून करून घ्या. वेल्डिंग टाळताच आलं नाही तर त्या जागी जस्ताचा रंग दोन हात.

*रंगीत पत्रा.* आतमध्ये बहुधा ॲल्युमिनियम आणि जस्त यांचा एकत्र मुलामा, वर रंग. साध्या जीआयपेक्षा जास्त टिकतो, छपराला शोभतो. कापलेल्या कडा आणि भोकं हीच त्याची दुखरी जागा. पत्रा ग्राइंडरने कापू दिला तर ठिणग्यांनी रंग जळतो आणि वर्षभरात तपकिरी ठिपके दिसतात. कातरीनेच कापायला सांगा. बजेट बसत असेल तर माझी पहिली पसंती हीच.

*पीव्हीसी.* गंजत नाही, हलकी, घरच्या घरी बसते. पण उन्हात वाढते फार. सहा मीटर लांबी पन्नास अंशांच्या फरकात सुमारे वीस मिलिमीटर, म्हणजे बोटभर. सांधे चिकटवून टाकले तर ती वाढायला जागा शोधते आणि मध्येच नागासारखी वळते. सांध्यात रबर गॅस्केट आणि वाढीसाठी जागा असलेलीच घ्या, ब्रॅकेट दोन-दोन फुटांवर, आणि उन्हाला टिकणारी आहे असं बिलावर लिहून घ्या. पाच-सात उन्हाळ्यांत साधी पीव्हीसी ठिसूळ होते, आणि मग फेब्रुवारी-मार्चची एक गारपीट पुरते.

शेतीचा सहा इंची पाईप उभा चिरून पन्हळ करायची युक्तीही दिसते. पैसे वाचतात, मान्य. पण चिरलेला पाईप उन्हात तोंड मिटतो किंवा पिळवटतो. गोठ्याला चालेल.

*ॲल्युमिनियम.* गंजाची भानगड नाही, वजन कमी. पण ओल्या सिमेंटशी त्याचं जमत नाही, लोखंडी खिळे-ब्रॅकेट थेट लागले तर त्या जागी खातं, आणि शिडी टेकली की पोचा येतो. आमच्याकडे अधूनमधून वानरांची टोळी येते, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही.

*स्टेनलेस स्टील, तांबं.* टिकतात. किंमत ऐकून मी चहा पिऊन परत आलो.

*जुनी सिमेंटची पन्हळ.* राखाडी, जाड, जुन्या क्वार्टर्सवर दिसते ती. तिच्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते. तिला ड्रिल, करवत, ग्राइंडर लावू नका. ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही. काढायचीच असेल तर ओली करून, न फोडता, अख्खी उतरवा.

६. खरेदी आणि कारागीर

पत्रा, पाईप, ब्रॅकेट बघायला इतवारीतल्या लोहा ओळीत एक चक्कर मारा, भाव कळतात. वाकवून देणारा कारागीर शोधायची माझी युक्ती वेगळी आहे. उन्हाळ्यात जो कूलरच्या टिनाच्या बॉड्या बनवतो त्याला विचारा. पत्रा वाकवणं, रिव्हेट मारणं, पाणी न गळणारा सांधा करणं, हे त्याच्या हातात बसलेलं असतं. फक्त मे महिन्यात जाऊ नका, तो तुमच्याकडे बघणारही नाही. मार्चच्या आधी जा.

भाव रनिंग फुटावर सांगतात. त्यात टोकाची झाकणं, पाईपला जोडायचं तोंड, बेंड, ब्रॅकेट आणि मचाण धरलंय का, हे एकेक करून विचारा. मला फुटाचा भाव स्वस्त सांगितला आणि बेंडांनी दीडपट बिल केलं.

जवळ असू द्या:

- छताच्या मापाचा कागद, पाईप कुठे उतरणार त्याच्या खुणेसह
- घराचा मंजूर नकाशा, शेजारची हद्द आणि गडर लाईन कुठून जाते ते पाहायला
- भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती
- पक्कं बिल, त्यावर साहित्य आणि गेज लिहिलेलं
- स्वतः बसवणार असाल तर टेप, सूत, पाणी भरलेली लेव्हलची नळी, ड्रिल, रिव्हेट गन, पत्र्याची कातर, सीलंट, जाड हातमोजे, चष्मा आणि शिडी धरायला एक माणूस

७. बसवताना मान वर करून उभे राहा

उतार दर दहा फुटांना अर्धा ते पाऊण इंच. तीस फुटांना एकाच बाजूला उतार दिला तर शेवटचं टोक फार खाली येतं आणि पाणी त्याच्या बाहेर पडतं. म्हणून मध्यभाग उंच ठेवून दोन्ही बाजूंना उतरवा. सूत बांधताना नळीने लेव्हल घ्यायला लावा. माझी पहिली पन्हळ "नजरेने" लावली होती. दिसायला एकदम सरळ. सरळ म्हणजेच उतार नाही, आणि मध्ये दोन इंच पाणी कायम उभं.

पन्हळीची बाहेरची कड आतल्या, भिंतीकडच्या कडेपेक्षा अर्धा इंच तरी खाली हवी. पन्हळ कधीतरी तुंबणारच, तेव्हा पाणी अंगणात सांडलं पाहिजे, भिंतीवर नाही. कारागीर नेमकं उलट करतो, कारण बाहेरची कड उंच असली की खालून दिसायला भरीव दिसते.

पत्र्याचा काठ पन्हळीच्या तोंडात दीड-दोन इंच आत यावा. कमी असेल तर हलक्या पावसात पाणी काठाखालून उलटं वाहत भिंतीकडे येतं, जास्त असेल तर जोराच्या सरीत पाणी पन्हळीवरून उडी मारतं. इथे तुमचा छत्रीतला व्हिडिओ दाखवा. जीआयला ब्रॅकेट तीन फुटांवर, त्याहून लांब नाही, आणि पाईपच्या तोंडाशी एक जास्तीचा.

८. पैसे देण्याआधी पाणी ओता

पत्र्यावर नळी सोडा, किंवा दोन बादल्या एकदम रिकाम्या करा. पाणी दोन्ही बाजूंना धावतं का, सांध्यातून टिपकतं का ते पाहा. दहा मिनिटांनी शिडीवर चढून आत कुठे डबकं उरलंय का बघा. कारागीर म्हणेल, "पहिल्या पावसात बसते ते आपोआप." बसत नाही. शेवटचा हप्ता तोवर खिशात.

९. वर्षाचा नेम

कडुनिंबाचा पाला उन्हाळ्याच्या तोंडावर गळतो आणि मागून मोहोर. मे अखेरीस, मृगाच्या आधी, एकदा सगळी पन्हळ हाताने साफ करा. जाळी लावली म्हणून बेफिकीर राहू नका. चिंच आणि गुलमोहराची इवली पानं जाळीतून आरामात जातात आणि आत पाण्याबरोबर लगदा होऊन पाईपच्या तोंडाशी बसतात. जाळी पाईपच्या तोंडावर घुमटासारखी उभी लावा, सपाट नाही. सपाट जाळीवर दोन पानं पडली की झाकण तयार.

जुलै ते ऑक्टोबर आठवड्यातून एकदा नजर टाका. पन्हळीत आठ-दहा दिवस उभं राहिलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला पुरेसं आहे, आणि फवारणीवाला तुमच्या कूलरच्या टाकीत डोकावेल, पन्हळीत नाही. सांध्यात पिंपळाचं रोप दिसलं तर त्याच दिवशी मुळासकट काढा.

पोळ्याच्या सुमारास पाऊस जरा उसंत देतो, तेव्हा रिव्हेट आणि सीलंट पाहून घ्या. आणि संक्रांत झाली की एकदा वर चढाच. आमच्या पाईपच्या तोंडातून यंदा दोन पतंग आणि मुठीएवढा मांजाचा गुंता निघाला. मांजा नुसत्या हाताने ओढू नका, हातमोजे घाला.